हेडचे नट आवळताना जोर नको, माप हवे

मुदखेडच्या बाजूला फुलांचे मळे आहेत, केळीच्या बागा आहेत. पहाटे तोडलेले फूल दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही. अशा वेळी टेम्पो वाटेत तापून उभा राहिला, तर त्या दिवसाची तोड पाण्यात गेली असे समजावे. पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर बसला तरी गत तीच. आणि पुष्कळदा तक्रार अशी असते, की इंजिन नुकतेच बांधले होते, तरी हेडचे पॅकिंग पुन्हा गेले. दोष पॅकिंगला दिला जातो. खरी चूक मात्र बऱ्याच वेळा नट-बोल्ट आवळण्यात असते.

हेडवर केवढा भार येतो ते पाहा. 100 मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर घ्या. डिझेल पेटते त्या क्षणी चौरस सेंटिमीटरला 70 किलो दाब धरला, तर हेड वर उचलू पाहणारा जोर सुमारे 55 क्विंटल होतो. मिनिटाला 1500 फेरे घेणाऱ्या चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमागे हा दणका मिनिटाला 750 वेळा बसतो. तो सारा बोल्टांनी पेलायचा असतो.

आवळलेला बोल्ट किंचित ताणला जातो आणि आखडू पाहतो. त्या ओढीनेच हेड दाबून राहते. कमी आवळला तर पॅकिंग फुंकते. अति आवळला तर बोल्ट कायमचा लांबतो, आटे जातात किंवा हेड वाकते. म्हणून पान्यावर पाइप चढवून अंगच्या ताकदीने आवळणे ही हुशारी नव्हे. यासाठी मापाचा टॉर्क पाना असतो.

तरीही नुसत्या पान्याने भागत नाही. आपण लावलेल्या जोराच्या दहा भागांपैकी जवळजवळ नऊ भाग घर्षणातच खर्च होतात. आटे गंजलेले असले, तर पाना पुरे माप दाखवतो आणि पकड मात्र अपुरी राहते. म्हणून आटे तारेच्या ब्रशने साफ करावेत. कंपनीच्या पुस्तकात तेल लावायला सांगितले असेल तरच थोडे लावावे. ब्लॉकच्या बंद भोकात तेल किंवा पाणी साचू देऊ नये. ते दबत नाही आणि बोल्ट खाली जाताना ब्लॉक तडकू शकतो.

हेड इंजिन थंड असतानाच खोलावे. बोल्ट कडेकडून मध्याकडे थोडे थोडे सैल करावेत. सरळ पट्टी आणि फिलर गेज लावून हेड वाकले नाही ना, ते पाहावे. जुने पॅकिंग पुन्हा वापरू नये.

बसवताना क्रम उलटा. मधल्या बोल्टापासून सुरुवात करून आलटून पालटून बाहेर जावे. चाकाचे नट आपण समोरासमोरचे आवळतो, त्यातलाच हा प्रकार. एका दमात पुरे आवळू नये. शेवटचे माप समजा 12 किलो-मीटर असेल, तर पहिली फेरी 4, दुसरी 8 आणि तिसरी 12 अशी घ्यावी. हे आकडे समजण्यापुरते आहेत. आपल्या इंजिनाचे फेरे, माप आणि क्रम पुस्तकात पाहावा. पुस्तकात माप न्यूटन-मीटरमध्ये असेल, तर 1 किलो-मीटर म्हणजे सुमारे 9.8 न्यूटन-मीटर हे ध्यानात ठेवावे. पाना झटका न देता सावकाश ओढावा.

अलीकडच्या बऱ्याच मोटारींत बोल्ट आधी ठरल्या मापाने आणि मग ठराविक कोनात फिरवून आवळतात. असे बोल्ट बहुधा एकदाच वापरायचे असतात. तिथे जुन्या बोल्टांवर काटकसर करू नये. इंजिन चालवून पुन्हा आवळायचे की नाही, हेही पुस्तकावर सोपवावे. काहींना ते लागते, काहींना चालत नाही. पुन्हा आवळले, तर टॅपेटचे अंतर अवश्य तपासावे.

काम झाल्यावर काही दिवस नजर ठेवावी. रेडिएटरमध्ये बुडबुडे येऊ लागले, पाणी वरचेवर कमी झाले किंवा इंजिनाचे तेल ताकासारखे पांढरे दिसले, तर इंजिन लगेच बंद करावे. तसेच दामटले तर बेअरिंगे जातात आणि खर्च कितीतरी पट वाढतो. गरम रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नये.

मिस्त्रीकडे टॉर्क पाना नसेल, तर चार-पाच ट्रॅक्टरवाल्यांनी मिळून एक घ्यावा. घरातल्या शिकल्या मुला-मुलीने इंजिनाचे माप वहीत उतरून ठेवावे आणि हेड बसवताना ती वही मिस्त्रीच्या पुढ्यात धरावी. चांगला मिस्त्री त्याचा राग मानणार नाही.