नाव साच्यातली, बैठक आपल्या मापाची

जयपूर आणि नौका ही जोडी कानाला विचित्र वाटेल. वाळवंटाच्या उंबरठ्यावरच्या शहराचा वल्ह्याशी काय संबंध? पण १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये रोइंग हा खेळ आशियाई स्पर्धांत प्रथमच आला, तेव्हा त्याच्या शर्यती झाल्या त्या जयपूरजवळच्या रामगढ तलावात. पुढे तो तलाव कोरडा पडला, ही वेगळी दुःखाची गोष्ट. आपल्या कामाची गोष्ट अशी की, शर्यतीच्या नावेत खेळाडू आधी पाय टेकायची फळी आपल्या उंचीप्रमाणे मागे-पुढे सरकवून घट्ट करतो, वल्ह्याचा आधार आपल्या हाताला जुळवतो आणि मगच नाव पाण्यात ढकलतो. माणसाने नावेत बसायचे नसते, नाव माणसाला बसवून घ्यायची असते.

हाच धडा जयपूरने जगाला आणखी एका वस्तूतून दिला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या सवाई मानसिंह रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी ‘जयपूर फूट’ घडवला. परदेशी धर्तीचा कृत्रिम पाय बुटातच वापरावा लागे. आपला माणूस मांडी घालून जेवतो, उकिडवा बसतो, चिखलात अनवाणी चालतो. रबराच्या नव्या पायाने हे सारे साधले. वस्तू वापरणाऱ्याच्या जगण्याला जुळली, म्हणून ती घरोघरी पोचली.

आज हे सांगायचे कारण म्हणजे कयाक. तारकर्ली-देवबागच्या खाडीत, गोव्यात आणि सह्याद्रीतल्या जलाशयांवर ही अरुंद, दोन पात्यांच्या वल्ह्याने चालवायची नाव आता कुटुंबांच्या ओळखीची झाली आहे. काहीजण ती विकतही घेतात. मग सुरू होते सजावट: मोबाइलचा स्टँड, गळ अडकवायची नळी, छत्री, सामानाची पेटी. हौस वाईट नाही, पण क्रम चुकतो. आधी नाव अंगाला जुळवावी, मग जीव सांभाळायची सोय करावी आणि सोयीच्या वस्तू शेवटी लावाव्यात.

कयाक ही मुळात मापाने शिवलेल्या कपड्यासारखीच वस्तू आहे. उत्तर ध्रुवाकडील इन्युइट शिकारी ती वाहून आलेल्या लाकडाचा सांगाडा आणि सीलचे कातडे यांपासून बनवीत. तिथे एक माप असे होते: लांबी शिकाऱ्याच्या पसरलेल्या हातांच्या तिप्पट, बसायच्या जागेची रुंदी त्याच्या कमरेपेक्षा दोन मुठी जास्त. आजची कयाक मात्र छपरावरच्या पाण्याच्या टाकीसारखी, पॉलिथिन साच्यात फिरवून तयार होते. साचा एक आणि माणसे शंभर. उरलेले माप आपणच घ्यायचे.

बैठक आणि पाय

बसल्यावर कंबर दोन्ही बाजूंना हलत असेल, तर फोमचे तुकडे कापून तिथे बसवा. फोम योगाच्या चटईसारखा, बंद छिद्रांचा हवा. गादीतला स्पंज पाणी पितो आणि जड होतो. बैठक मात्र फार उंच करू नका. शरीराचा भार जितका वर जाईल तितकी नाव डळमळेल.

पाय टेकायला आधार हवाच. गुडघे किंचित वाकलेले राहतील अशा अंतरावर तो ठेवा. वल्हे मारण्याचा जोर दंडातून नव्हे, तर पाय आणि धड यांतून यायला हवा. आधार नसेल तर थोड्याच वेळात कंबर दुखू लागते आणि थकलेल्या माणसाचा तोलही लवकर जातो.

पाणी शिरले तर?

आत बसायच्या कयाकमध्ये पाणी शिरले, तर दोनशे लिटर म्हणजे दोनशे किलो ओझे होते. पॉलिथिन पाण्यापेक्षा हलके असते, त्यामुळे नाव तरंगेल. पण पाण्याने भरलेली नाव तुम्हाला पेलणार नाही. म्हणून पुढच्या आणि मागच्या पोकळ जागा हवेने अडवून ठेवा. यासाठी हवेच्या खास पिशव्या मिळतात. घरगुती उपाय म्हणजे थंड पेयाच्या रिकाम्या बाटल्या. झाकणे घट्ट लावून त्या जाळीत भरा आणि हलणार नाहीत अशा आत बांधा. दोन लिटरची एक बाटली सुमारे दोन किलो भार उचलून धरते. अशा तीस बाटल्या म्हणजे साठ किलोंचा आधार.

मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी आपल्या कोकणातली उलांडी आठवावी. अरुंद होडी कलंडू नये म्हणून आपले मच्छीमार तिच्या बाजूला आडव्या लाकडांनी एक तरंगता ओंडका जोडतात. कयाकला हेच काम दोन्ही टोके बंद केलेला पीव्हीसी पाइप करतो. चार इंची पाइपचा एक मीटर तुकडा सुमारे आठ लिटर पाणी बाजूला सारतो. त्यातून पाइपचे स्वतःचे वजन वजा केले की उरेल तेवढा आधार मिळतो. वल्ह्याच्या आड येऊ नये म्हणून ही जोडणी बैठकीच्या मागे करावी.

भोक पाडण्यापूर्वी

पॉलिथिनला साधा डिंक किंवा इपॉक्सी नीट धरत नाही. आज चिकटलेली वस्तू भर पाण्यात सुटते. म्हणून शक्य तिथे मुळात दिलेल्या कड्या आणि खाचा यांचाच उपयोग करून वस्तू पट्ट्याने बांधाव्यात. भोक पाडावेच लागले तर ते पाण्याच्या रेषेच्या बरेच वर असावे. तळाला ड्रिल लावू नये. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत, कारण खाऱ्या पाण्यात साधे लोखंड लवकर गंजते. दोन्ही बाजूंना वॉशर आणि मध्ये रबराची चकती बसवावी.

सामानासाठी दुधाचे प्लॅस्टिक क्रेट उत्तम. ते बैठकीच्या मागे, मधोमध आणि खाली बांधावे. स्कूटरच्या कॅरियरची लवचीक दोरी चालेल, पण तिच्या टोकांचे लोखंडी आकडे काढून टाका. ते गंजतात आणि कपड्यात अडकतात. छत्री मात्र घरीच ठेवा. वारा तिला शीड समजतो.

दोरी: मित्र की फास?

वल्हे हातून निसटू नये म्हणून ते दोरीने नावेला बांधतात. कल्पना चांगली आहे, पण नाव उलटली की प्रत्येक लोंबती दोरी पायात गुंतू शकते. दोरी गरजेपुरतीच असावी आणि एका हाताने सुटावी. शरीराला मात्र काहीही बांधू नये, विशेषतः वाहत्या पाण्यात.

शिट्टी लाइफ जॅकेटला अडकवा, पेटीत ठेवू नका. तुम्ही आणि नाव वेगळे झालात, तर पेटीतली शिट्टी कोण वाजवणार? जॅकेटही प्रत्येकाच्या मापाचे हवे. लहान मुलाचे जॅकेट खांद्याशी धरून उचलून पाहावे. ते कानापर्यंत सरकत असेल तर मोठे आहे. पायांमधून जाणारा पट्टा असलेले जॅकेट मुलांसाठी जास्त चांगले.

१८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली आणि १२ विद्यार्थी व दोन शिक्षिकांचा मृत्यू झाला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती, अनेकांच्या अंगावर जॅकेट नव्हते. ती बोट मोठी, आपली कयाक छोटी, पण पाण्याचा हिशेब एकच. नावेवर लिहिलेली भारक्षमता माणूस, सामान आणि आपण जोडलेल्या प्रत्येक वस्तूची मिळून असते. तिच्या दोन तृतीयांशावर थांबणे शहाणपणाचे.

शेवटची परीक्षा

सर्व जोडून झाले की शांत, कमरेइतक्या पाण्यात जा. काठावर जाणता माणूस उभा करा, जॅकेट घाला आणि कयाक मुद्दाम उलटवा. बाहेर पडताना कशाने अडवले? परत चढताना हात कशाला लागला, काय बोचले, काय सुटले? जे अडवते ते, कितीही हौसेने लावलेले असो, त्याच दिवशी काढून टाका. ही परीक्षा घरातल्या प्रत्येक वल्हेकऱ्याने स्वतंत्रपणे द्यावी. वडिलांना न अडणारी पेटी मुलीच्या गुडघ्याला अडू शकते.

समुद्राकाठी आणखी एक पथ्य पाळा. पहाटेचे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. पाणी शांत दिसते, जाताना हलके वाटते आणि परतीची वाट मात्र लांबते. म्हणून आधी वाऱ्याविरुद्ध जावे आणि येताना त्याची साथ घ्यावी. पावसाळ्यात आणि धरणातून विसर्ग चालू असताना नाव घरात उलटी करून ठेवावी. जलाशयात उतरण्यापूर्वी परवानगी लागते का, तेही विचारावे.

अंगाला जुळलेल्या नावेत फारशा वस्तू लागत नाहीत. पाठीला आधार, पायाला टेकू, अंगावर जॅकेट आणि गळ्याशी शिट्टी एवढे असले की दोन तासांची सफर आनंदाची होते. गळाची नळी आणि मोबाइलचा स्टँड पुढच्या रविवारी लावता येईल.