घर आपले, किल्ली परक्याची!

आपल्याच ट्रंकेतला फोटोंचा अल्बम उघडण्याआधी नाक्यावरच्या दुकानदाराकडे जाऊन नाव सांगायचे, त्याने 'हो' म्हटले की मग कुलूप काढायचे, असा फतवा कुणी काढला तर त्या गृहस्थाला आपण उंबऱ्याशी तरी उभे करू काय? पण नेमका हाच फतवा आज पुष्कळ सुशिक्षित घरांनी शिरसावंद्य मानला आहे, आणि त्याला 'सोय' असे गोंडस नाव दिले आहे!

प्रकरण असे आहे. आजोबांच्या कीर्तनाच्या कॅसेटी, मावशीच्या लग्नाची व्हीएचएस टेप, धाकट्याच्या मुंजीची सीडी, हे सारे हौशी मंडळी आता एका हार्ड डिस्कवर उतरवून ठेवतात, ती डिस्क घरातल्या जुन्या संगणकाला जोडतात, आणि टीव्हीवर किंवा फोनवर हवे ते पाहतात. मधले वाढप्याचे काम करणारे जे सॉफ्टवेअर, त्याला मीडिया सर्व्हर म्हणतात. घरात एकच टीव्ही असेल तर हा खटाटोप हवाच कशाला? 'कोडी' नावाचा फुकट प्लेअर पुरे. दोन टीव्ही, चार फोन, परगावची मुले अशी पंगत मोठी असली की मग तीन नावे पुढे येतात : प्लेक्स, एम्बी आणि जेलीफिन.

प्लेक्सचे रूप देखणे आहे, हे आधीच सांगून टाकतो. मांडणी नेटकी, बसवणे सोपे. पण सर्व्हर आपल्या नावावर करायचा तर कंपनीकडे खाते काढा. घरातल्या माणसांची ओळखही कंपनीच्या दारातून पटवून आणा. घरातल्या जाळ्यापुरती ही झडती माफ करण्याची सोय सेटिंगच्या एका कोपऱ्यात आहे. ती किती घरांनी शोधली असेल, देव जाणे. सगळ्यांची खाती एका जागी साठली की चोरालाही तीच जागा बरी पडते. ऑगस्ट 2022 मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर 2025 मध्ये खात्यांची माहिती परक्याच्या हाती लागली, आणि पासवर्ड बदला अशी दवंडी कंपनीला पिटावी लागली. नोव्हेंबर 2023 मधला प्रकार तर चाळीच्या गॅलरीला शोभेल असा! कोणी काय पाहिले याचे साप्ताहिक टिपण ई-मेलने मित्रमंडळींकडे जाऊ लागले. कंपनी म्हणते, तुम्हीच संमती दिली होती; ग्राहक म्हणतात, ती पाटी आमच्या ध्यानातच आली नाही. अहो, पण आमच्या डिस्कवरचे आम्ही काय पाहतो, याची नोंद तुमच्याकडे हवीच कशाला?

आणि 29 एप्रिल 2025 पासून आपल्या घरच्या सर्व्हरवरचा व्हिडिओ परगावाहून पाहायला वर्गणी लागू झाली. फोनवरचा जुना एकरकमी आकार त्याच वेळी उठवला, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण आजन्म वर्गणी मात्र 119.99 डॉलरवरून 249.99 डॉलरवर गेली. संगणक आमचा, डिस्क आमची, विजेचे बिल आमचे, लग्न मावशीचे, आणि जकात कोणाला?

यावर व्यवहारी मंडळींचा ठरलेला प्रश्न येतो : 'फुकटच्या वस्तूला वाली कोण? उद्या बंद पडली तर?' याचे उत्तर एम्बीच्याच इतिहासात आहे. एम्बीचा सोर्स कोड पूर्वी खुला होता. 2018 साली तिच्या चालकांनी तो बंद केला. तेव्हा काही स्वयंसेवकांनी आधीची खुली प्रत उचलली आणि त्याच डिसेंबरात जेलीफिन उभे केले. मालकाने वाड्याला कुलूप घातले, तर भाडेकऱ्यांनी त्याच नकाशावर शेजारी दुसरे घर बांधले; कारण नकाशावर कुणाची मक्तेदारी नव्हती. उद्या जेलीफिनची मंडळी थकली, तरी तोच मार्ग दुसऱ्यांना मोकळा आहे. बंद कोडाच्या कंपनीने दुकान आवरले तर तुम्ही कोणता नकाशा उचलणार?

जेलीफिन गुणांची खाण आहे असे आमचे म्हणणे नाही. काही टीव्हींवर त्याचे ॲप मिळता मिळत नाही, मिळाले तर जरा ओबडधोबड. पण टीव्हीला न पेलणारा व्हिडिओ जागच्या जागी बदलून देण्याचे काम संगणकाच्या चिपकडून करून घेण्यासाठी बाकीचे दोघे पैसे मागत आले. जेलीफिन मागत नाही. आणि घरगुती व्हिडिओंसाठी वेगळा विभाग निवडा, चित्रपटांच्या विभागात ते टाकू नका. नाहीतर वहिनींच्या डोहाळजेवणावर भलत्याच इंग्रजी सिनेमाचे पोस्टर चिकटेल!

खरी अडचण परदेशातल्या नातवंडांची. सर्व्हरचे दार सरळ इंटरनेटवर उघडे टाकणे हा शुद्ध अविचार आहे. वायरगार्डसारखा खाजगी बोगदा खणावा. जिथे इंटरनेट देणारी कंपनी घराला स्वतंत्र पत्ता देत नाही, तिथे टेलस्केलसारखा मध्यस्थ घ्यावा लागतो. 'मग तोही परकाच की!' असे कुणी म्हणेल. परका खरा, पण तो वाट जुळवून देतो, बोगद्यातून काय जाते ते त्याला दिसत नाही. टोरांटोतल्या नातीने आजीचे सहस्रचंद्रदर्शन कितीदा पाहिले, हे नातीला आणि आजीला ठाऊक, तिसऱ्याला नाही. डिस्कची दुसरी प्रत दुसऱ्या घरी हवी, हे तिन्ही सॉफ्टवेअरांना सारखेच लागू.

दिवाळीच्या सुटीत दोन तास काढा. प्लेक्स आणि जेलीफिन एकाच संगणकावर, एकाच फोल्डरवर शेजारी शेजारी चालतात. दोन्ही बसवा. मग टीव्हीवर दोन्हींतून एकदा बाहेर पडा, राऊटर चालू ठेवून बाहेरून येणारी इंटरनेटची तार तेवढी काढा, आणि पुन्हा आत शिरून आजोबांचे कीर्तन लावून पाहा.