उन्हाची गाणी

गतवर्षी स्नेहसंमेलनाच्या तयारीस आरंभ झाला, तेव्हा इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांनी 'उन्हाळा' हा विषय धरून एक गीतमाला सादर करण्याचे ठरविले. यादी आमच्या हाती आली. तीत सात गाणी होती आणि सातही इंग्रजी. गाणी वाईट नव्हती. त्यांपैकी दोन-तीन आमच्याही आवडीची आहेत, हे आरंभीच कबूल केलेले बरे, नाहीतर ही वयस्कर शिक्षकाची नित्याची कुरकूर आहे असा समज व्हावयाचा. परंतु मराठी एकही का नाही असे विचारता एक मुलगी म्हणाली, "सर, मराठीत उन्हाळ्याची गाणी नाहीतच. सगळी पावसाची आहेत." त्या वेळी आम्हांस उत्तर सुचले नाही. उशिरा सुचले, ते येथे देत आहो.

प्रथम त्या इंग्रजी गाण्यांविषयी. 'हीट वेव्ह' हे मार्था अँड द व्हँडेलाज यांचे १९६३ सालचे गाणे ऐकताना पाय आपोआप ताल धरू लागतात. पण त्यातील उष्णतेची लाट ही प्रेमज्वराची आहे, हवेशी तिचा संबंध नाही. 'हिअर कम्स द सन' हे जॉर्ज हॅरिसन यांनी १९६९ च्या वसंतऋतूत, एका मित्राच्या बागेत बसून रचिले. लांबलेल्या इंग्रजी हिवाळ्यानंतर सूर्य दिसला, त्याचा तो आनंद आहे. जेथे सूर्य पाहुण्यासारखा येतो, तेथे त्याचे असे स्वागत होणारच. आपल्या जालन्यास तो पाहुणा नसून सावकार आहे. मार्च महिन्यात दारात बसतो तो मृग लागेपर्यंत उठत नाही. त्या यादीत आम्हांस खरे जवळचे वाटले ते 'समर इन द सिटी' हे १९६६ सालचे गाणे. त्यात मोटारींचे भोंगे व रस्ता फोडणाऱ्या यंत्राचा खडखडाट मुद्दाम घातलेला आहे. दिवसा तापलेले शहर आणि रात्री जिवात जीव येणारी माणसे त्यात आहेत. मे महिन्यात दुपारी जालन्याच्या बाजारातून जो गेला असेल त्यास ते समजावून सांगावयास नको.

आता त्या मुलीचे म्हणणे. ते अर्धे खरे आहे. आपल्याकडे गाण्यात ऊन येते ते बहुधा सावलीच्या किंवा पावसाच्या इच्छेच्या रूपाने. १२९० साली सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अखेरीस जे पसायदान आहे, त्यात सज्जनांस ताप नसलेल्या सूर्याची उपमा दिली आहे. सूर्य असावा, पण भाजणारा नसावा, ही कल्पना लंडनच्या कवीस सुचण्याचे कारण नाही. ती गोदाकाठच्या माणसासच सुचावयाची. पवित्र शास्त्रातील १२१ व्या स्तोत्रात परमेश्वरास सावली म्हटले आहे, तेही याच कारणाने. तो देशही आपल्यासारखाच कोरडा. सुटीचे बालगीत पाहा. ग. दि. माडगूळकरांच्या आगीनगाडीच्या गाण्यात मामाचा गाव आहे, शिकरण आहे, पण उन्हाचा शब्द नाही. मुलाने मे महिन्यातील प्रवासात ऊन विसरावे, अशी सोय कवीने करून ठेविली आहे असे आम्हांस नेहमी वाटते.

परंतु 'नाहीतच' हे मात्र खरे नव्हे. गावोगावी पाऊस लांबला की मुले धोंडी काढीत. एका मुलाच्या अंगास कडुनिंबाचा पाला गुंडाळावयाचा, मुसळास बेडूक बांधावयाचा आणि घरोघर जाऊन गात पाणी मागावयाचे. घरची बाई तांब्याभर पाणी त्याच्या अंगावर ओती. त्यास पावसाचे गाणे म्हणतात; वस्तुतः ते उन्हाचे गाणे आहे, कारण तापल्यावाचून ते कोणी म्हणत नाही. जात्यावरच्या ओव्यांतही ऊन ठायी ठायी आहे. बहीण गाते की भाऊ भर उन्हात वाटेवर असेल, त्याचे पाय पोळत असतील. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांच्या प्रयत्नाने अशा एक लाखांहून अधिक ओव्या संग्रहित झाल्या, त्यांत मराठवाड्याचा वाटा आहे. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी यांस लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची कविता १९५२ साली पुस्तकरूपाने आली आणि पुढे 'मानिनी' या १९६१ च्या चित्रपटातून घरोघर पोचली. संसार कसा, तर चुलीवरच्या तव्यासारखा, हे त्यांनी सांगितले ते हात भाजलेल्या बाईने सांगितले आहे. अगदी आपल्या काळातील नागराज मंजुळे यांनी आपल्या कवितासंग्रहास नाव दिले 'उन्हाच्या कटाविरुद्ध'. करमाळ्याकडच्या कोरड्या मुलखातल्या माणसास उन्हाचा कट दिसतो, सहल दिसत नाही.

हे आम्ही पांडित्य मिरविण्यासाठी सांगत नाही. त्या यादीच्या दिवशी वर्गात दोन मुले मागच्या बाकावर गप्प बसून होती, ते आमच्या नजरेतून सुटले नाही. एकाचे वडील लोखंडाच्या कारखान्यात भट्टीपुढे उभे राहतात. बाहेर बेचाळीस अंश उष्णता असता आत काय असेल, याची कल्पना पालकांपैकी अनेकांस आमच्यापेक्षा अधिक आहे. दुसऱ्याच्या घरची मोसंबीची बाग २०१२-१३ च्या दुष्काळात गेली. त्या वर्षी आपल्या जिल्ह्यातील कित्येक शेतकऱ्यांनी वाळलेली झाडे स्वतःच्या हाताने तोडिली. ही दोन मुले 'उन्हाळा' या विषयात बसत नव्हती. गंमत करू नये असे आमचे म्हणणे नाही. मुलांनी नाचावे, अवश्य नाचावे. पण ज्या रंगमंचावर उन्हाची सात गाणी होतात, तेथे ऊन ज्यांच्या घरी राहते त्यांचे एकही असू नये, हे आम्हांस रुचले नाही. आणि भट्टीपुढच्या माणसाचे मराठी गाणे शोधू गेलो तर आम्हांस ते मिळाले नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. ते लिहावयाचे राहिले आहे.

अखेर तीन इंग्रजी गाणी ठेवून उरलेल्या जागी घरून गाणी आणावयाची, असे ठरले. आजी, मावशी, शेजारीण, जी कोणी गाईल तिचे उतरून घ्यावयाचे. पंधरा दिवसांत चार वह्या भरल्या. मागच्या बाकावरील त्या बागेच्या मुलाची वही मात्र कोरी परत आली. आजीस म्हणे जात्याखेरीज ओवी आठवत नाही, आणि जाते तर कित्येक वर्षे अंगणात पायरीसारखे पडलेले. आम्ही त्यास म्हणालो की ते उचलून, धुऊन तिच्यापुढे ठेव. पुढच्या रविवारी त्याने व त्याच्या काकाने मिळून ते उचलिले. खुंटा नव्हता, तो सुताराकडून करविला. सोमवारी त्याने वही आमच्या मेजावर ठेविली. तीत अकरा ओव्या होत्या आणि त्यांपैकी नऊ उन्हाच्या.