गाडीचं वय नको, तब्येत बघा

जुन्या येझदी मोटरसायकलवरून लांब निघालं की लोक एकच विचारतात, ‘पोहोचेल का?’ पोहोचते. ती बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला, पण कराडहून पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटातून चिपळूणला उतरायचं तर मला अजून तीच गाडी हवी असते.

मात्र ती समजून घ्यावी लागते. टू-स्ट्रोकचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं. घाट उतरताना थ्रॉटल बंद करून गाडी गिअरमध्ये सोडून दिली, तर पेट्रोल कमी जातं, त्यासोबत ऑइलही. पिस्टन कोरडा पडून जाम होऊ शकतो. म्हणून उतारावर मधूनमधून क्लच दाबायचा, थोडी रेस द्यायची. कान सतत इंजिनाकडे लागतो, आणि त्यामुळे वेगही आपोआप शहाणा राहतो. मिसिंग आलं तर प्लग काढून काजळी पुसायची, पॉइंटवर पॉलिश पेपर फिरवायचा. जादा प्लग, क्लच केबल आणि पाने सोबत हवेतच.

एप्रिल 2022 मध्ये 15 वर्षांवरच्या दुचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी 300 वरून 1000 रुपये झाली. फी भरायला माझी ना नाही. टू-स्ट्रोक धूर जास्त सोडते, हेही खरं. मग धूर मोजा, ब्रेक तपासा आणि नापास गाडी खुशाल थांबवा. पण नीट राखलेली गाडी केवळ वयावरून भंगारात ढकलू नका. ती गेली, की सिलिंडर हातानं पारखून बोअर करणारे मेकॅनिकही जातील.