पाणी गाळतो, पैसा का गाळत नाही?



गेल्या आठवड्यात नात्यातले एक गृहस्थ घरी आले होते. चहा घेता घेता त्यांनी एक 'योजना' सांगितली. कोकणात कुणाच्या तरी मोठ्या बोटीत पैसे लावायचे, बँकेच्या दुप्पट व्याज, कागदावर कुठेही आपलं नाव नाही. मी विचारलं, "मासेमारीची बोट का?" ते हसले. "वहिनी, आपण थोडंच जाळं टाकणार? आपण फक्त पैसे देणार!"

तो 'फक्त' माझ्या घशाखाली उतरत नाही.

डिसेंबर २०१४ मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रात 'थंडर' नावाचं जहाज चोरटी मासेमारी करताना सापडलं. इंटरपोलने आदल्या वर्षीच त्याच्याबद्दल नोटीस काढली होती. जहाजाने किती वेळा नाव बदललं, किती देशांचे झेंडे लावले! 'सी शेफर्ड' संस्थेच्या बोटीने त्याचा ११० दिवस पाठलाग केला. थंडरने मागे सोडलेली ७२ किलोमीटर लांबीची जाळी त्यांच्याच दुसऱ्या बोटीने बाहेर ओढून काढली. नको असलेले किती जीव त्यात अडकून मेले होते! एप्रिल २०१५ मध्ये साओ टोमे बेटाजवळ थंडर बुडालं. पुरावा मिटवायला मुद्दाम बुडवलं, असाच संशय होता. कप्तान आणि दोन साथीदारांना शिक्षा झाली. पण ज्यांच्या पैशावर जहाज चालत होतं ते त्या पिंजऱ्यात उभे नव्हते. मालकीचा माग पनामातल्या कागदी कंपनीत जाऊन पोचत होता. तेही म्हणत असतील, आपण फक्त पैसे दिले.

हे फार लांबचं वाटतं? आपल्याच किनाऱ्यावर या. पर्ससीन जाळ्यांवर राज्याने २०१६ मध्ये निर्बंध घातले. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी आणली. तरी रात्री समुद्रात झगझगीत दिवे लागतात. उजेडाला भुलून लहानमोठे सगळे मासे गोळा होतात, आणि जाळं सगळ्यांना एकदम कवेत घेतं. मालवणच्या पारंपरिक मच्छिमारांनी याविरुद्ध किती आंदोलनं केली. बोट पकडली गेली तर पोलिसांसमोर तांडेल आणि खलाशी उभे राहतात. बोट, जनरेटर, डिझेल यांना लाखो रुपये लागतात. ते कुठून आले, हे कोण विचारतं?

काही जणी म्हणतील, "रापण ओढणाराही मासेच मारतो, मग त्याची बाजू कशाला?" हिंसा ती हिंसाच, मी तिला चांगलं म्हणत नाही. पण तो पोटासाठी समुद्रात उतरतो. सोफ्यावर बसून व्याज मोजणाऱ्याला कसली भूक असते? तिथे उरतो तो निव्वळ लोभ. आणि लोभ हा कषाय आहे, हे आपल्याला पाठशाळेत शिकवलं होतं.

जपमाळेत १०८ मणी का असतात, आठवतंय ना? संरंभ, समारंभ, आरंभ. मन, वचन, काय. कृत, कारित, अनुमोदना. आणि चार कषाय. तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले चार. स्वतः केलेलं पाप मोजलं आहे तसंच करवलेलं आणि मान डोलावून मान्य केलेलंही मोजलं आहे. माळ रोज ओढायची, आणि व्याजाचा हिशेब करताना 'कारित' हा मणी गाळायचा?

आपण पाणी गाळतो, कारण न दिसणारा जीवही जीव आहे. पीठ चाळतो, भाजी निवडतो, सूर्यास्तापूर्वी जेवतो. आणि घरात येणारा पैसा मात्र न गाळता पितो.

"व्यवहार पुरुषांचा, आम्हाला काय कळतं," असं म्हणू नका. व्याजाचं सोनं आपल्याच गळ्यात येतं. यापुढे घरात कुणी जास्त व्याजाची योजना आणली, की एवढं विचारा: हा पैसा नेमका कुठे जातो? त्या धंद्याचा मालक कोण? आणि कागदावर आपलं नाव का नको? ज्या कामात नाव लपवावं लागतं, त्यात पुण्य नसतं.

त्या गृहस्थांना मी दुसरा कप चहा दिला, पैसे नाही. ते रागावून गेले. रागावू देत.