मुलांचे अवधान आणि फवारणीचा हिशेब

मार्च २०२४ मध्ये कर्नाटक शासनाने गोबी मंचुरियन आणि कॉटन कँडी यांतील कृत्रिम रंगांवर बंदी घातली. १९५० पासून केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे माहेरघर असलेल्या म्हैसूरच्या हातगाड्यांनाही ती लागू झाली. बंदीमागे मुख्य चिंता रोडामाइन-बी सारख्या घातक रंगांची होती. परंतु आहार आणि मुलांचे अवधान हा प्रश्नही त्यानिमित्ताने विचारात घेणे उचित ठरेल.

अवधान-न्यूनता व अतिचंचलता, अर्थात एडीएचडी, या विकारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. पालक बहुधा साखरेला दोष देतात. नियंत्रित चाचण्यांत मात्र तो सिद्ध झालेला नाही. उलट, काही कृत्रिम रंग व सोडियम बेंझोएट यांच्या मिश्रणाने मुलांची चंचलता वाढते, असे साउदॅम्प्टन येथील २००७ च्या अभ्यासात आढळले. परिणाम अल्प होता आणि सर्व मुलांत सारखा नव्हता. तरीही युरोपीय संघाने २०१० पासून अशा सहा रंगांच्या वेष्टनावर इशारा सक्तीचा केला.

हा दोष केवळ हातगाडीवर ढकलून शेतीला मोकळे होता येणार नाही. ऑर्गेनोफॉस्फरस गटातील कीटकनाशके किडीच्या मज्जासंस्थेतील ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर निकामी करतात. तेच विकर मानवी मज्जासंस्थेतही असते. अमेरिकेतील १,१३९ मुलांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लघवीत या कीटकनाशकांचे अंश अधिक असलेल्या मुलांत एडीएचडीचे प्रमाणही अधिक दिसले. हा सहसंबंध आहे, कार्यकारणभावाचा पुरावा नव्हे. तथापि सावधगिरीसाठी तो पुरेसा आहे.

खरा पेच पालेभाजीत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार महाराष्ट्रातील सहा ते एकोणसाठ महिन्यांची ६८.९ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आहेत, आणि लोहाची कमतरता स्वतःच एकाग्रतेला मारक ठरते. म्हणून भाजी टाळणे हा उपाय नव्हे; ती निर्धोक पिकवणे हाच उपाय होय. परंतु वारंवार तोडणी होणाऱ्या पिकातच फवारणी व काढणी यांतील अंतर सर्वाधिक आक्रसते.

विस्तार कार्यकर्त्यांनी किडीच्या आर्थिक नुकसान पातळीइतकेच महत्त्व काढणीपूर्व प्रतीक्षा काळाला द्यावे. लेबलवर नसलेल्या पिकावर फवारणी नको. तोडणीच्या काळात निंबोळी अर्क व सापळ्यांना प्राधान्य हवे. आंतरप्रवाही औषध धुऊन जात नाही, हेही सांगावे. अवधान हवे ते केवळ मुलांकडून नव्हे, पंप पाठीवर घेणाऱ्याकडूनही.