ती 'लपलेली पॉवर' आपल्या मे महिन्यासाठीच आहे!

रील्स बघताना ही जाहिरात तुम्हालाही दिसली असेलच. एक जण लॅपटॉप घेऊन गाडीत बसतो, डॅशबोर्डखालच्या सॉकेटला वायर जोडतो आणि थोड्या वेळात गाडीचा पिकअप बदलून जातो. याला म्हणतात रीमॅप. 'कंपनीने दाबून ठेवलेली पॉवर मोकळी करा!' अशी त्याची टॅगलाइन. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना घाटात ट्रकच्या मागे अडकलेल्या कुणालाही हा मोह होणारच. तरीही माझं स्पष्ट मत आहे, घरच्या गाडीवर हा प्रयोग नको.

आधी हे काय प्रकरण आहे ते बघू. आजच्या गाडीत इंजिनचा एक छोटा कॉम्प्युटर असतो, ईसीयू. बाहेरची हवा किती गरम, इंजिन किती तापलंय, अॅक्सिलरेटर किती दाबलाय, हे तो सेन्सरकडून सतत विचारत असतो. त्यावरून इंधन किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, टर्बोने किती हवा कोंबायची, हे तो ठरवतो. या हिशेबाचे तक्ते म्हणजे 'मॅप'. रीमॅप करणारा हेच आकडे बदलतो.

आता खरं तेही सांगायला हवं. टर्बो असलेल्या गाडीत फरक नक्की जाणवतो. टर्बो नसेल तर मात्र फारसा नाही. म्हणजे कंपनीने काहीतरी शिल्लक ठेवलेलं असतं, हे खोटं नाही. प्रश्न आहे, ते कायले ठेवलं?

तीच गाडी लडाखच्या थंडीत विकली जाते आणि आपल्या अचलपुरातही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो. गरम हवेत पेट्रोल वेळेआधी पेटू लागतं, इंजिन 'नॉक' करतं, पिस्टनवर मार बसतो. डिझेल इंजिनात जास्त इंधन जाळलं की टर्बोतून जाणारा धूर आणखी तापतो. ही शिल्लक अशाच दिवसांसाठी असते. भर दुपारी, पाच माणसं आणि एसी चालू असताना घाट चढायचा, त्यासाठी. गाडी घेताना तिचे पैसे आपण मोजलेलेच असतात. मग तीच खर्चून टाकायला वर आणखी पैसे मोजायचे, याला काय अर्थ आहे?

एक उदाहरण घ्या. मारुतीचं १२४८ सीसीचं डिझेल इंजिन स्विफ्टमध्ये ७५ पीएस द्यायचं आणि अर्टिगात ९० पीएस. पण अर्टिगासाठी नुसते आकडे बदलले नव्हते, टर्बोही वेगळा होता. कंपनीला पॉवर वाढवायला टर्बो बदलावा लागला. आपल्याला मात्र नुसत्या लॅपटॉपवर ते काम करून पाहिजे!

दुसरा मुद्दा धुराचा. २०१५ चं फोक्सवॅगन प्रकरण आठवतं? इंजिनच्या सॉफ्टवेअरला गाडीची चाचणी सुरू आहे हे कळायचं आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ व्हायचा. जगभरात १ कोटी १० लाख गाड्यांत हे निघालं. भारतात पुण्याच्या 'एआरएआय'ने तपासणी केली आणि त्यानंतर कंपनीने इथल्या ३ लाख २३ हजारांवर गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. आकड्यांच्या एका तक्त्याने किती विष हवेत जाऊ शकतं, हे तेव्हा जगाला कळलं. आणि 'भाऊ, पीयूसी तर पास झाली' हे उत्तर देऊ नका. डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड नाही.

कायदाही माहीत असू द्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-ए नुसार, परवानगी नसलेला बदल केल्यास प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ही शिक्षा गाडीच्या मालकाला आहे. म्हणजे रील तुमची आणि कोर्टाची तारीख बाबांची! शिवाय वॉरंटी जाते आणि अपघात झालाच तर विम्याचा क्लेम अडकू शकतो. ईएमआय मात्र सुरूच राहतो.

पिकअप कमी वाटतोय? आधी एअर फिल्टर बघा, टायरची हवा तपासा, सर्व्हिसिंग वेळेवर करा. घाटासाठी ब्रेक आणि टायरवर खर्च करा, कारण चढलेला घाट उतरावाही लागतो.

आणि ज्यांना या विषयाचं खरंच वेड आहे, त्यांनी हजारेक रुपयांचा ओबीडी स्कॅनर घ्या आणि मोबाइलला जोडा. एसी लावून, एसी बंद करून, सकाळी, दुपारी इंजिनचं तापमान आणि हवेचा दाब कसा बदलतो ते लिहून ठेवा. आयटीआय, पॉलिटेक्निकच्या पोरापोरींनी तर हे कराच. उद्या गॅरेजमध्ये पान्ह्याइतकंच काम लॅपटॉपला असणार आहे. ईसीयूचे आकडे बदलणारे बरेच भेटतील, वाचता येणाऱ्यांची गरज जास्त आहे.